शालिनीताईंची न उडणारी तोफ

शालिनीताई गायकवाड कुठलीही तक्रार तीन बाजूंनी ऐकतात: समोरून, बाजूने आणि वरून.

एकदा वॉचमन त्यांना सांगायला गेला, "मॅडम, तुमच्या स्कूटरला कुणीतरी गाडी घासली."

"हे समोरून झालं," ताई म्हणाल्या. "आता बाजूने सांग."

"बाजूने?" वॉचमनने स्वतःच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"म्हणजे घासणाऱ्याच्या बाजूने. तो गाडी पुढे घेत होता की मागे? आणि मग वरून सांग."

"वरून काय, मॅडम?"

"गच्चीवरून बघितलं तर माझी स्कूटर पट्ट्याच्या आत होती की बाहेर?"

बाहेर होती. ताई खाली गेल्या, ज्याने गाडी घासली त्याचीच त्यांनी माफी मागितली, आणि मग पार्किंगचे पट्टे किती वाकडे मारलेत हे सांगायला मला फोन केला. पट्टे मी मारून घेतले होते. वारज्यातल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे.

ताईंची सगळी नोकरी पिंपरीकडच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात झाली. लागल्या तेव्हा दुसऱ्यांची ड्रॉइंग पारदर्शक कागदावर गिरवायच्या; निवृत्त झाल्या तेव्हा चेकर होत्या. चेकर म्हणजे इतरांनी काढलेल्या ड्रॉइंगमधल्या चुका तांबड्या पेन्सिलीने शोधणारा माणूस. त्यांच्या सहीशिवाय कागद खाली कारखान्यात जात नसे. कारखाना सुटला, पण पेन्सिल सुटली नाही. पर्समध्ये पावडरचा डबा असावा तशी त्यांच्याकडे सहा इंची स्टीलची पट्टी असते. आमच्या मजल्यावरच्या एका लग्नात त्यांनी स्टेजकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि डेकोरेटरला बोलावून घेतलं.

"कमान डावीकडे झुकलीय."

"आजी, कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"माझ्या आलं. मी कुणीच नाही का?"

कमान सरळ झाली. मुहूर्त थोडा वाकडा झाला, पण मुहूर्त हा ताईंचा विषय नाही.

आता माझ्याबद्दल सांगणं भाग आहे, कारण मी नसतो तर पुढचा घोळ झाला नसता. मला सतत आपलं काहीतरी चुकतंय असं वाटतं. लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल तर मी "सॉरी" म्हणून आत शिरतो. रिक्षावाला रस्ता चुकला तर मीच ओशाळतो. माझी बायको म्हणते, "तुम्ही कोऱ्या माफ्या छापून खिशात ठेवा. नाव तेवढं भरायचं." असा माणूस सोसायटीचा सेक्रेटरी झाला, कारण निवडणुकीच्या सभेत नाही म्हणायचं मला वाईट वाटलं.

गेल्या वर्षी ताईंच्या खालच्या फ्लॅटमधून तक्रार आली. दुपारी वरून कर्र-कर्र असा आवाज येतो, डोळा लागत नाही. दुसरी आली, तिसरी आली. मी घाबरत घाबरत एक नोटीस लिहिली आणि ताईंच्या दाराखालून सरकवली. संध्याकाळी ती माझ्या दाराखालून परत आली. तांबड्या पेन्सिलीने भरलेली. 'आवाज' या शब्दाला गोल करून बाणाने लिहिलं होतं: 'कसला? किती वेळ? कुठे उभं राहून ऐकला?' डाव्या आणि उजव्या समासांत फरक होता, तोही मोजून लिहिला होता. खाली शेरा: 'नामंजूर. सुधारून पुन्हा सादर करा.'

मी सुधारायच्या ऐवजी माफी मागायला गेलो.

दार उघडंच होतं. जेवणाच्या टेबलाला व्हाइस बसवलेला, त्यात पितळेचा एक चंद्रकोरीसारखा तुकडा आवळलेला, आणि ताई त्रिकोणी कानशीने त्याला दाते पाडत होत्या. कर्र, कर्र. मग पट्टी, मग भिंग, मग पुन्हा कर्र. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दोन चाकांवर एक लांबलचक नळी आडवी पडली होती. कोपऱ्यातल्या फळीवर पांढरी बुद्धमूर्ती होती, तिच्याभोवती मात्र पितळेचा कीस अजिबात नव्हता. तेवढी जागा पुसलेली.

"ताई, हे काय आहे?"

"तोफ. दिसत नाही?"

"नळी ओळखीची वाटते."

"पडद्याची दांडी आहे." मी खिडकीकडे पाहिलं. पडदा सुतळीवर टांगलेला होता.

"आणि उडते का?"

ताईंनी कानस खाली ठेवली. हा प्रश्न विचारला म्हणजे आपण ताईंच्या नजरेतून उतरलो, हे मला नंतर कळलं. तोवर तो सगळ्या सोसायटीने विचारला होता. "उडवायला काय लागतं? दिवाळीत कुणीही उडवतं. नळी हवी तेवढीच वर उचलायची, हवी तिथे थांबवायची, आणि थांबवल्यावर ती खाली घसरायला नको. तोफेचं खरं काम एवढंच आहे. बाकी आवाज."

मग त्यांनी मानेनेच बाल्कनीकडे खूण केली. तिथे खुर्चीत अण्णा बसले होते, आमच्याकडे पाठ करून.

अण्णा म्हणजे ताईंचे यजमान, हवालदार गायकवाड. तोफखान्यातून निवृत्त झालेले, वाघोलीच्या पलीकडच्या गावचे. एके काळी अण्णांच्या सकाळच्या फेरीवर लोक घड्याळ लावायचे. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय बऱ्यापैकी सावरला, बोलणंही सावरलं. डावा हात राहिला. तो त्यांच्या मांडीवर कुणाचं तरी ठेवायला दिलेलं पुडकं असावं तसा पडलेला असे. डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं. आत्ताच हात चालवला तर शिकेल. पुढे जितका उशीर, तितकं अवघड. प्राजक्ता नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची, हातात मऊ रबरी बॉल द्यायची आणि म्हणायची, "अण्णा, दाबा बरं." अण्णा आपण न मागवलेल्या पदार्थाकडे पाहावं तसे त्या बॉलकडे पाहायचे. बोलायचे तर नाहीतच. बोलता येत होतं, पण बोलायची इच्छा संपली होती.

"आयुष्यभर तोफेचं चाक फिरवलंय या हाताने," ताई हळू म्हणाल्या. "ते चाक फिरवलं की नळी वर जाते. यांचं काम तेच. आता बॉल दाबा म्हणे. हवालदार बॉल दाबेल होय?"

तर बेत असा होता. तोफ रेडिओवर चालणार. लांबून चालवायचा जो डबा असतो त्याला दांडीच्या ऐवजी एक छोटं चाक, तेही डाव्या हाताला. अण्णांनी बाल्कनीतल्या खुर्चीतून चाक फिरवायचं, टेबलावरची नळी उठणार. मनगट जेवढं फिरेल तेवढी.

"आणि हात थकला तर?" मी विचारलं.

"म्हणून तर हा खटाटोप," म्हणून ताईंनी मला ती यंत्रणा दाखवली. पितळेची दातेरी कमान नळीच्या पोटाला बसणार. तिच्या दात्यांत एक आटे पाडलेला दांडा अडकणार, आणि तो दांडा छोटी मोटर फिरवणार. "दांडा कमानीला ढकलतो. कमान दांड्याला ढकलू शकत नाही. म्हणजे हात सोडला तरी नळी जिथल्या तिथे. थकले तर थकू देत. जेवढं वर नेलं तेवढं खाली पडायला नको."

मी तिथून निघालो तो मदत करायचं कबूल करूनच. नोटिशीची भरपाई म्हणा.

हिंजवडीतल्या माझ्या ऑफिसात मोठा प्रिंटर आहे. कुणा परदेशी हौशी माणसाने अशाच मॉडेल-तोफेचं ड्रॉइंग इंटरनेटवर ठेवलं होतं. ते मी ऑफिसच्या कागदावर, ऑफिसच्या शाईत, इकडे तिकडे बघत छापलं आणि कंपनीच्या बसमध्ये मांडीवर गुंडाळी धरून घरी आणलं. एवढ्या कागदाचं काय वाटून घ्यायचं, असं तुम्ही म्हणाल. मला वाटलं. अजून वाटतं.

ताईंनी ते टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवायला गेल्या, आणि चौथी वाटी हातातच राहिली.

"हा कोपरा कुठे गेला?"

"प्रिंटरने कापला वाटतं. उद्या परत छापून आणतो."

"राहू द्या. कोपऱ्यात काय असतं? ड्रॉइंग कुठल्या पद्धतीने काढलंय त्याची खूण. ती मला लागते होय?" आणि चौथी वाटी त्यांनी नुसत्या टेबलावर ठेवली.

मोटर आणायला आम्ही इलेक्ट्रिकच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेलो. दुकानदार तरुण होता आणि फार प्रेमळ.

"आजी, नातवासाठी का? गाडी की विमान?"

"तोफ. आणि नवऱ्यासाठी."

दुकानदाराने माझ्याकडे आदराने पाहिलं.

"हे नव्हेत," ताई म्हणाल्या. "हे सेक्रेटरी आहेत."

त्यांनी पर्समधून स्टीलची पट्टी काढली, मोटरच्या टोकाला रबर बँडने बांधली आणि पट्टीचं दुसरं टोक बोटाने हलवून पाहिलं. "डुगडुगते. दुसरी दाखवा." दुसरीही डुगडुगली. मागे गिऱ्हाइकं साचली. मी सगळ्यांना सॉरी म्हणत होतो. एकजण म्हणाला, "काका, तुम्ही का सॉरी? बघू द्या ना त्यांना, आम्हाला पण कळतंय." शेवटी चांगली मोटर सापडली तेव्हा त्या दुकानदाराने बाकीच्या डुगडुगणाऱ्या मोटर्स काउंटरखाली लपवल्या, असं मला वाटलं.

कमानीचे दाते पूर्ण व्हायला बरेच आठवडे गेले. खालच्या फ्लॅटवाल्यांना मी खरं कारण सांगितलं आणि त्यांनी दुपारची झोप निमूटपणे आतल्या खोलीत नेली. मग नवीच अडचण आली. नळीचं तोंड जड. यंत्रणा बसवली की नळी मान टाकायची आणि मोटर रडल्यासारखा आवाज करायची. "पुढे वजन आहे, मागून कुणीतरी हात द्यायला हवा," असं म्हणत ताईंनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, उघडलं, आणि आतली स्प्रिंग नळीच्या मागच्या बाजूला लावून पाहिली. कमी पडली. मी दुसऱ्या दिवशी आणखी पेनं आणली. तीही ऑफिसचीच होती. शेवटी नळी इतकी हलकी झाली की फुंकर मारली तरी डोलायची, आणि मोटर गुणगुणल्यासारखी चालू लागली.

या सगळ्या काळात अण्णा पाठमोरेच होते. प्राजक्ता येऊन जायची. बॉल खिडकीच्या कट्ट्यावर पडून असायचा. एकदा ती जिन्यात मला म्हणाली, "काका, यांनी मनावर घेतलं नाही ना, तर मी कितीही आले तरी उपयोग नाही. आणि दिवस जातायत." मी तिलाही सॉरी म्हटलं.

रविवारी सकाळी चाचणी ठरली. ताई जरीची साडी नेसल्या होत्या. प्राजक्ताला मुद्दाम बोलावलं होतं. आम्ही दोघांनी अण्णांची खुर्ची टेबलाकडे वळवली. त्यांनी हरकत घेतली नाही, मदतही केली नाही. ताईंनी तो डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि डावा हात उचलून चाकावर ठेवला.

"फिरवा."

हात घसरून खाली गेला. ताईंनी परत ठेवला. परत घसरला. अण्णा तोफेकडे बघत होते, पण एखादा माणूस कंटाळवाण्या पाहुण्याकडे बघतो तसे.

"बरं, मी फिरवून दाखवते," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. त्यांनी डबा घेतला, चाक फिरवलं. कमान सरकली. नळी हळूहळू, अजिबात न थरथरता वर उठली आणि ताईंनी हात काढला तिथेच थांबली. पडद्याची दांडी आहे हे माहीत असूनही मी तिच्या समोरून बाजूला झालो. प्राजक्ताने टाळ्या वाजवल्या.

आणि अण्णा म्हणाले, "उलटी हाय."

कितीतरी महिन्यांत त्या घरात न ऐकलेला आवाज. प्राजक्ताच्या टाळ्या अर्ध्यावर राहिल्या. ताई मात्र लगेच वळल्या.

"काय उलटं आहे?"

"तोफ. उलटी केलीस. चाक, कमान, बसायची शीट, सगळं उजवीकडं केलंयस. डावीकडं असतंय."

"ड्रॉइंगमध्ये आहे तसंच आहे."

"ड्रॉइंग गेलं खड्ड्यात. त्या शिटावर ड्रॉइंग बसत हुतं का मी बसत हुतो?"

"हवालदार, मी चेकर होते. माझ्या हाताखालून..."

"आसशील चेकर. उजवीकडं बसल्यावर नेम कोण बघंल? तुझा बाप?"

"माझ्या बापावर जायचं नाही!"

"मग तोफंवर ये! हितं बसायचा मी. हितं. आन् चाक हितं, डाव्या हाताला. आसं धरायचं, आन् आसं..."

आणि मांडीवरचा तो हात उठला. टेबलाच्या काठापर्यंत आला, हवेत थांबला, आणि मनगटातून किंचित वळला. एखादं न दिसणारं चाक फिरवावं तसा. प्राजक्ताने माझा दंड इतक्या जोरात धरला की नंतर वळ उठला होता.

ताईंनी ते पाहिलंच नाही. त्या ड्रॉइंगच्या अंगावर गेल्या होत्या. कागद पसरला, चष्मा लावला, बोटाने एकेक रेषा धरून गेल्या. मग बोट त्या कापलेल्या कोपऱ्याजवळ येऊन थांबलं.

"सेक्रेटरी," त्या म्हणाल्या, "हे कुठल्या देशातल्या माणसाने काढलंय?"

मी देश सांगितला. ताई खुर्चीत बसल्या.

"आपल्याकडे वस्तू डावीकडून दिसते ते चित्र कागदावर उजवीकडे काढतात. त्यांच्याकडे डावीकडेच काढतात. कोपऱ्यात खूण असते, कुठली पद्धत ती सांगणारी. मी सवयीने आपल्या पद्धतीने वाचलं. डाव्याचं उजवं केलं." त्यांनी चष्मा काढला. "नवीन पोरं लागली की पहिल्या दिवशी मी त्यांना एकच सांगायचे. आधी कोपरा बघा."

"ताई, चूक माझी. प्रिंटरने..."

"गप्प बसा. तुम्ही परत आणतो म्हणालात, मी नको म्हणाले. चेकर झोपला होता."

"ताई, ते जाऊ द्या. हात."

"कसला हात? इतके आठवडे उलटं कापलंय मी!"

"अहो ताई, अण्णांचा हात!" प्राजक्ता जवळजवळ ओरडली.

ताईंनी वळून पाहिलं. अण्णांचा डावा हात टेबलाच्या काठावर होता. बोटांनी काठ धरला होता, सैल, पण धरला होता. अण्णांनाही ते तेव्हाच कळलं असावं, कारण ते एकदम ओशाळले आणि म्हणाले, "च्या तरी टाक."

ताई स्वयंपाकघरात गेल्या. चहा यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला आणि आमच्यातलं कुणी आत बघायला गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून नवी कमान सुरू झाली. या वेळी अण्णांची खुर्ची टेबलाशी आली, ती आपल्या पायांनी. ताई कापायच्या, अण्णा नावं ठेवायचे. शीट फार मागं हाय. नळीचं तोंड आसं नसतंय. चाकाला मूठ लाव, म्हंजे हाताला कळंल. जिन्यातून जाताना भांडणं ऐकू यायची आणि खालच्या फ्लॅटवाल्या बाई मला म्हणाल्या, "सेक्रेटरी, कर्र-कर्र परवडली हो." तक्रार लेखी देता का विचारलं तर हसायला लागल्या.

मूठ लावलेलं चाक अण्णा फिरवू लागले. आधी नळी जेमतेम क्षितिज सोडायची, मग खिडकीच्या गजांपर्यंत जाऊ लागली. बुद्धपौर्णिमेला ताईंनी सगळ्यांना खीर वाटली तेव्हा नळी पार पडद्याच्या सुतळीवर रोखलेली होती आणि अण्णा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "उडत न्हाई. उडवायला काय लागतंय?"

तोफ पूर्ण झाली. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे. आणि मग मला नेहमीसारखी काळजी लागली. मोडायचं काही उरलं नाही, नावं ठेवायला काही उरलं नाही. चाक फिरवायचा कंटाळा येईल. बोटं अजून बधिर होती. मनगट वळत होतं, पण शर्टाचं बटण लागत नव्हतं. अण्णांची खुर्ची पुन्हा बाल्कनीत जाईल, या विचाराने मी अस्वस्थ व्हायचो आणि काहीतरी निमित्त काढून वर चक्कर मारायचो.

परवा दुपारी असाच गेलो. अण्णा आत झोपले होते. ताई व्हाइसपाशी होत्या. पुन्हा एक कमान, नवी. "आणखी एक तोफ," त्या म्हणाल्या. "हिला जोड नको का?" शेवटचा दात व्हायचा होता. त्यांनी तो कापला, पट्टी लावली, भिंगातून पाहिला. नेमका होता. इतक्या दिवसांत तेवढं मलाही कळायला लागलंय.

मग त्यांनी कानस पुन्हा उचलली आणि मधल्याच एका दातावर एक हलका हात मारला.

"ताई! जास्त झालं."

"हळू बोला. उठतील."

मी कमान हातात घेतली. सगळे दाते सारखे दिसत होते. "कुठला तेच कळत नाही."

"डोळ्याला कळला तर ते डोळ्यानेच बघतील." त्यांनी माझ्या हातातून कमान काढून घेतली आणि फडक्याने पुसली. "अंगठा फिरवला तरच लागेल. तोही सावकाश फिरवला तर."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी मूर्खासारखं विचारलं, "आणि त्यांना समजलं तर? मुद्दाम केलंय म्हणून?"

"समजलं असेलच. संसारात माझी चूक यांना कधी सापडली नाही, आता दर दोन-चार दिवसांनी सापडते. हवालदार आहेत, खुळे नाहीत." त्या उठल्या. "बसा. चहा टाकते."

एखादी गोष्ट लपवण्यात आपण सामील झालो आणि तरी अपराधी वाटलं नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मी ते जरा तपासूनही पाहिलं. खरंच वाटत नव्हतं.

आतून पाय ओढल्याचा आवाज आला. अण्णा बाहेर आले, मला मान हलवून खुर्चीत बसले आणि टेबलावरच्या कमानीकडे पाहिलं. ताईंनी चहाचा गरम कप आणला तो थेट त्यांच्या उजव्या हातात दिला. बशी दिली नाही. खाली ठेवायला जागाही नव्हती. टेबलभर हत्यारं पसरलेली होती. उजवा हात अडकला.

अण्णांनी एक घोट घेतला. मग डावा हात पुढे झाला, चाचपडला, कमान पकडली. बोटं वाकायला वेळ लागला. अंगठा पहिल्या दातावर टेकला. दुसऱ्यावर. मी मनात दाते मोजत होतो आणि ताई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून, आधीच लख्ख असलेलं भांडं घासत होत्या. अंगठा पुढे सरकला, एका दातावरून गेला, थांबला, आणि परत मागे आला.

"अगं," अण्णा म्हणाले, "ह्यो बघ. ह्यो दात गेलाय."

ताई पदराला हात पुसत आल्या. चष्मा लावला, वाकून पाहिलं, भिंगही लावलं.

"कुठे? मला तर सगळे सारखेच दिसतात."

"तुला न्हाई दिसायचं," अण्णा म्हणाले. त्यांनी कमान मांडीवर ठेवली, ताईंचा हात आपल्या डाव्या हातात धरला आणि त्यांचा अंगठा त्या दातावर नेऊन ठेवला.